‘जेवतेस ना वेळेवर?’

ताई, सलाम.

मी ३१ वर्षांची, पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. माहेर फलटणजवळचं, घर माळकरी. वडील नाहीत. गेल्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेतला, पण घरी सांगायचं धाडस झालं नाही. कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला माझा फोटो होता, तो चुलत भावानं दादाला दाखवला. दादा फोनवर एवढंच म्हणाला, “बाटलीस तू.” तेव्हापासून बोलत नाही. मी घरी गेले की शेतावर निघून जातो. आईनं मात्र त्यावर एक शब्द काढलेला नाही. रोज फोनवर विचारते, “जेवतेस ना वेळेवर?”

आईला साखरेचा त्रास आहे, टाचेची जखम तीन महिने भरत नाही. महिन्यातले दोन रविवार मी जाऊन ड्रेसिंग करते, एरवी वहिनी करते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक भगिनी म्हणतात, “तू सांगितलं नाहीस आणि आई तशीच गेली, तर तिच्या रक्ताचा जाब देव तुझ्याकडे मागेल.” मला झोप लागत नाही. आईला येशूविषयी कसं सांगू? माउलींची पालखी फलटणला येते तेव्हा आमच्या घरी वारकऱ्यांना जेवण असतं, भाकरी मी आणि वहिनी थापतो. यंदा जाऊ का? दादाचा मुलगा आठ वर्षांचा आहे. मी प्रार्थनेला बसले की शेजारी येऊन बसतो. त्याला येशूच्या गोष्टी सांगू का?

– एक लेक

प्रिय लेकी, सलाम.

आधी तुझ्या झोपेचं बोलू. रक्ताचा जाब हे शब्द यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात आहेत, तिसऱ्या आणि तेहतिसाव्या अध्यायांत. देव त्याला इस्राएलाच्या घराण्यावर पहारेकरी नेमतो आणि सांगतो, दुष्टाला सावध केलं नाहीस तर त्याच्या रक्ताबद्दल तुला जबाबदार धरीन. ते काम त्या संदेष्ट्याला नेमून दिलेलं होतं, आणि ज्यांना सावध करायचं ते देवाचा नियम ठाऊक असून तो मोडणारे लोक होते. टाचेच्या जखमेनं अंथरुणाला खिळत चाललेल्या म्हाताऱ्या आईपुढे उभ्या असलेल्या मुलीच्या उरावर ते वचन ठेवणं मला मुळीच पटत नाही. त्या भगिनींचा हेतू वाईट नसेल. पण घाबरलेलं माणूस दुसऱ्याला फक्त भीतीच देऊ शकतं, आणि आईला तुझ्याकडून भीती मिळावी असं तुलाही वाटत नसणार. पित्यानं ओढून घेतल्याशिवाय माझ्याकडे कुणी येऊ शकत नाही, असं खुद्द प्रभू योहानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो. ओढण्याचं काम त्याचं आहे. ते तुझ्या अंगावर कुणी टाकलं असेल तर आज रात्री खाली ठेव आणि झोप.

मोनिकाची गोष्ट तू ऐकली असशील, पण त्यातला एक भाग उपदेशात फारसा येत नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, ही बाई राहत होती. तिचा मुलगा ऑगस्टीन मानी नावाच्या धर्मगुरूच्या, चर्चला अमान्य असलेल्या पंथाच्या नादी लागला. ती एका बिशपकडे गेली आणि म्हणाली, तुम्ही त्याच्याशी बोला, त्याच्या चुका दाखवा. बिशपनं साफ नकार दिला. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि कुणी वाद न घालता, वाचता वाचता आपला आपण बाहेर पडला होता. तो म्हणाला, मुलगा अजून ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. मोनिका ऐकेना, रडत राहिली. शेवटी तो वैतागून म्हणाला, जा बाई, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळे सांगतात, त्याच्या आधीचं ‘राहू दे’ कुणी सांगत नाही. पुढे ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनचा मिलानमध्ये बाप्तिस्मा झाला. मधे बरीच वर्षं गेली होती.

आता माझं सांगते, कारण तुझ्या वाटेनं मीही गेले आहे. मी नर्सिंगला असताना, २२ व्या वर्षी प्रभूला ओळखलं. माझे वडील, अण्णा, गावच्या शाळेत मास्तर होते. मी त्यांना दर आठवड्याला पत्र लिहायचे. प्रत्येक पत्रात वचनं, अध्याय आणि ओव्यांचे आकडे, पाप म्हणजे काय, तारण म्हणजे काय. अण्णांचं उत्तर यायचं ते पावसाचं, गाय व्याल्याचं, आईच्या गुडघ्याचं. मला राग यायचा. वाटायचं, यांचं काळीज दगडाचं आहे. एका दिवाळीला घरी गेले तेव्हा त्यांनी कपाटातून माझ्या पत्रांचा गठ्ठा काढला. सुतळीनं नीट बांधलेला, तारखेप्रमाणे लावलेला. म्हणाले, “सगळी वाचलीत. दोनदोनदा वाचलीत. पण यात तू कुठं आहेस गं?”

मला उत्तर देता आलं नाही. रात्रपाळीला पहिल्यांदा माझ्या हाताखाली एक बाळ गेलं, तेव्हा मी लिननच्या खोलीत जाऊन रडले होते आणि तिथं प्रार्थना करताना पहिल्यांदा कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटलं होतं. ते मी अण्णांना कधी लिहिलंच नव्हतं. उपदेश लिहीत बसले होते. त्या दिवाळीनंतर मी त्यांना ती रात्र लिहिली. त्यावर आलेल्या पत्रात पाऊस नव्हता, गाय नव्हती. ते पत्र माझ्या बायबलमध्ये अजून आहे.

लेकी, तुझ्या पत्रात बाप्तिस्मा आहे, फोटो आहे, दादाचा राग आहे, त्या भगिनींचं बोलणं आहे. तुला प्रभू कुठं भेटला, कसा भेटला, त्याआधी तुझं काय चाललं होतं, याची एकही ओळ नाही. मला लिहिलं नाहीस तरी चालेल, पण आईला सांगायचं असेल तर तेच आहे. मार्काच्या पाचव्या अध्यायात भुतानं पछाडलेला माणूस बरा होतो आणि येशूबरोबर जाऊ देण्याची विनवणी करतो. येशू नावेत बसून परत निघतो तेव्हा त्याला सोबत नेत नाही, घरी आपल्या माणसांकडे पाठवतो, आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली, ते सांग म्हणतो. त्या माणसाला धर्मशास्त्राचं ज्ञान नव्हतं. त्याच्याजवळ त्याचा एक अनुभव होता, आणि येशूनं तोच न्यायला सांगितला.

आई काही विचारत नाही असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. “जेवतेस ना वेळेवर?” यातच तिनं सगळं विचारलं आहे. तू अजून माझीच आहेस ना, तिथं तुझं कुणी आहे का, तुला कुणी फसवलं तर नाही ना. आपल्याकडच्या आया असेच प्रश्न विचारतात. याचं नीट उत्तर देणं ही तुझी पहिली साक्ष. “जेवते गं” एवढ्यावर फोन ठेवू नकोस. आज डब्यात काय होतं ते सांग, उपासनेनंतर कुणाच्या घरी जेवायला थांबतेस तेही सांग. तुझं आयुष्य तिला दिसू दे. तू ते वर्षभर लपवून ठेवलंस, आणि लपवलेल्या गोष्टीची माणसाला नेहमी वाईटच शंका येते.

मग एकदा, फक्त एकदा, समोर बसून सांग. फोनवर नको. दादा घरात नसताना चोरून सांगितल्यासारखंही नको, पण चारचौघांतही नको. दहा मिनिटांत संपेल इतकंच. मंडळीतले शब्द तिथं वापरू नकोस. नवा जन्म, कोकऱ्याचं रक्त, जगिक लोक, हे आपल्याला सवयीचं झालंय, तिला त्यातलं काही कळणार नाही आणि जे कळेल त्यानं दुखेल. घरची भाषा वापर. फादर स्टीफन्सनं चारशे वर्षांपूर्वी गोव्यात ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी निवडली, १६१६ साली ते ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली पुराणं आठवत होती, त्यांच्या कानाला तोच नाद हवा होता. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तुझ्या घरात तर रोज हरिपाठ होतो. देवाशी माय म्हणून बोलण्याची भाषा तुझ्या आईला तुझ्यापेक्षा जास्त येते.

पण इथं एक सांभाळ. तिचे अभंग गळासारखे वापरू नकोस. “तुकोबा म्हणतात ते खरं म्हणजे येशूविषयीच आहे” असलं काही बोलू नकोस, ती जन्मभर ज्याला विठ्ठल म्हणत आली त्याचं नाव तिच्या देखत बदलू नकोस. त्यापेक्षा तिला विचार, आई, तू माळ कधी घातलीस? का घातलीस? मी पैज लावते, ३१ वर्षांत हे तू विचारलेलं नाहीस. मीही अण्णांना विचारलं नव्हतं. ऐकताना मधे दुरुस्ती करायची नाही, उत्तर मनात जुळवायचं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं. जो विचारील त्याला, हे शब्द मी कितीतरी वर्षं वाचलेच नव्हते. आणि समोरच्यानं विचारावं अशी इच्छा असेल तर आधी आपणही काही विचारायला लागतं.

आता टाचेची जखम. तू नर्स आहेस, तुला ड्रेसिंग शिकवायला नको. तीन महिने भरली नाही म्हणजे पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा, हेही तुला ठाऊक आहे. ते आधी कर, आषाढीची वाट पाहू नकोस. मला वेगळं सांगायचंय. “येशूला मान, पाय बरा होईल” हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस, कुणी भगिनी प्रार्थनेचं तेल घेऊन सोबत येते म्हणाली तर नम्रपणे नको म्हण. पाय बरा झाला नाही तर आईला वाटेल की देवानंच नाकारलं, आणि बरा झाला तर ती तुझी ऋणी होईल. त्या ऋणातून आलेला होकार खरा नसतो. आजारी माणूस आपल्यावर अवलंबून असतं, त्याला नाही म्हणता येत नाही, त्या वेळी काही मागू नये. तिनं स्वतःहून म्हटलं, “माझ्यासाठी प्रार्थना कर,” तर तिथंच कर, चार वाक्यांत, तिला कळेल अशा मराठीत. नाही म्हटलं तर पुण्याला येऊन आपल्या खोलीत कर.

वल्हांडणाच्या यहुदी सणाआधी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यात यहूदाचेही होते. काही तासांनी हा आपल्याला धरून देणार हे माहीत असून त्याचेही धुतले. पाय धुण्याच्या बदल्यात येशूनं त्याच्याकडून काही कबूल करून घेतलं नाही. तू आईचा पाय मांडीवर घेतेस तेव्हा एवढं मनात असू दे, तोंडानं काही बोलायची गरज नाही. आणि वहिनीला विसरू नकोस. महिन्यातले अठ्ठावीस दिवस ती तेच करते आणि तिला त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. तू दे.

किती वेळ लागेल, हे तुझ्या मनात असणारच. लक्ष्मीबाई टिळकांचं आठव. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई तिथं नव्हत्या, त्यांच्यावर ती बातमी वीज पडावी तशी पडली. काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळंओवळं पाळत होत्या. ते गळून पडलं ते कुणी वादात हरवलं म्हणून नाही. त्यांच्याच मनात विचार चालू होता, आणि एक दिवस जातीभेद हा माणसाचाच खेळ आहे हे त्यांना उमगलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतः लिहिलंय, मराठी वाचणाऱ्या कुठल्याही घरात ते पुस्तक आवडीनं वाचलं जातं. तुझ्या दादानं शाळेत त्यातला धडा वाचला असेल. ती गोष्ट मी तुला तुझ्या आईचंही तसंच होईल म्हणून सांगत नाही. लक्ष्मीबाईंना त्यांच्या पायांनी चालू दिलं गेलं, एवढंच त्यातून घे. आणि टिळकांनी जे केलं, घरच्यांना बाहेरून कळू दिलं, ते तुझ्याकडूनही झालंय. त्याची किंमत त्यांनी मोजली, तूही मोजतेस.

म्हणून दादाविषयी. त्याला धर्मावर बोलायला जाऊ नकोस. त्याची जखम धर्माची असेलही, पण आधी ती ही आहे की बहिणीची एवढी मोठी गोष्ट त्याला चुलत भावाच्या मोबाइलवर कळली. वडील गेल्यापासून तो घरातला मोठा आहे. गावात कुणी त्याला “किती पैसे मिळाले बहिणीला?” असं विचारलं असेल, आणि त्यानं मान खाली घातली असेल. त्याची माफी माग. बाप्तिस्म्याची नाही, न सांगितल्याची. चिठ्ठी लिही, हातानं लिही. त्यात बायबलचं एकही वचन नको. आणखी एक गोष्ट त्याला स्पष्ट सांग, कारण ती त्याला विचारता येणार नाही पण रात्री तीच त्याच्या डोक्यात असेल: आईचं जेव्हा काही होईल तेव्हा सगळं तिच्या आणि तुमच्या रीतीनं होईल, मी आडवी येणार नाही, मी लेक म्हणून तिथं असेन. हे लिहिताना तुला जड जाईल. तरी लिही. येशूच्या घरच्यांनीही त्याला वेड लागलंय असं समजून धरून न्यायचा प्रयत्न केला होता, आणि त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे शुभवर्तमानात लपवलेलं नाही. त्यांतला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधार झाला. पण येशू हयात असताना घरातल्या वादात जिंकून त्याला आणलं, असं कुठं लिहिलेलं नाही.

भाच्याला गोष्टी सांगू नकोस. इथं माझं मत ठाम आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवा मुलींसाठीची शाळा, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथं कुणावर धर्माची सक्ती होणार नाही असा शब्द होता, आणि रमाबाईंनी सक्ती केलीही नाही. त्या स्वतः प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठलं, रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक बाजूला झाले, आईबापांनी कितीतरी मुली काढून नेल्या. माझ्या मनात रमाबाईंविषयी अतोनात आदर आहे. तरी त्या पालकांची तगमगही मला समजते. आठ वर्षांचं पोर त्याच्या आईबापांचं आहे. तो शेजारी बसला तर उठवू नकोस. “आत्या, काय करतेस?” विचारलं तर “प्रार्थना करते” म्हण. त्यापुढे विचारलं तर “आईला विचारून ये, मग सांगते” म्हण. तो वहिनीला विचारेल, वहिनी नाही म्हणेल, आणि तू ते मानलंस हे दादापर्यंत पोचेल.

राहिली पालखी. जा. याचा मला जराही संशय नाही. भुकेल्या माणसाला भाकरी देताना आपण कुणाला देतो, ते मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात वाच. त्यात भुकेल्याचा धर्म विचारलेला नाही. आरतीला हात जोडायचे का, प्रसाद घ्यायचा का, हे तुझं तुला ठरवावं लागेल, आपल्यातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांचंही त्यावर एकमत नाही. मी स्वतः आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहते, हात जोडत नाही, आणि उठून बाहेरही जात नाही. तुझं काहीही ठरलं तरी आईला आदल्या दिवशी एकटीला सांगून ठेव: “आई, मी असं असं करणार आहे, तुला राग नाही ना?” ऐन वेळी पाहुण्यांसमोर तिला कळू नये.

अण्णा १९९६ साली गेले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, “ते लिननच्या खोलीतलं पुन्हा सांग.” मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही, आणि देवापाशीही त्यांच्या नावाचा हिशेब मागायला मी जात नाही. ज्यानं मला त्या खोलीत एकटं सोडलं नाही, त्याच्याकडे ते गेले आहेत.

पालखी फलटणला मुक्कामाला येण्याच्या दोन दिवस आधी पोच. वहिनीला एकटीला पीठ मळावं लागू नये. आणि जाताना टाचेसाठी लागणारं ड्रेसिंगचं सामान पुण्यातून जास्तीचं घेऊन जा, त्या गर्दीत गावात मिळेल न मिळेल.

तुझी,
ताई